आजीचं विमान कुठून जाणार? मुंबई–सॅन फ्रान्सिस्को अंतराच्या प्रकल्प नोंदी

१९ जून २०२४, बुधवार

नववीला आज रेखांश आणि स्थानिक वेळ घेत होते. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरून एक हात वर झाला. "बाई, आमची आजी गणपती झाले की काकाकडे चालली आहे. सॅन फ्रान्सिस्कोला. काकूचं बाळंतपण आहे. आजी रोज विचारते, किती लांब आहे गं ते? मी काय सांगू तिला?"

आकडा मला पाठ नव्हता. मोबाइलवर दोन मिनिटांत मिळाला असता आणि विषय तिथेच मिटला असता. म्हणून मी तिलाच विचारलं, आपण मोजायचं का? पाच मुलं मधल्या सुट्टीत थांबली. आमची शाळा वाईच्या पुढे, कृष्णेच्या काठाने गेलं की लागणाऱ्या गावात. या पाचांपैकी विमानात कोणीच बसलेलं नाही. एकाने मुंबईचा विमानतळ बाहेरून पाहिला आहे, मामाला सोडायला गेला होता तेव्हा.

प्रश्न दोनच ठरवले : अंतर किती, आणि वेळ किती. मुलांना वाटतंय, पहिलं सापडलं की भागाकार केला की दुसरं मिळालं. मी काही बोलले नाही.

२१ जून, शुक्रवार

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दोन टाचण्या लावल्या आणि पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. रेघ मुंबईहून पश्चिमेला निघाली. अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, मग अख्खी अमेरिका ओलांडून पलीकडचा किनारा. नकाशाखालच्या मापाने गुणलं तर जवळजवळ २२,००० किमी.

एका मुलाला शंका आली. पृथ्वीचा पूर्ण घेर ४०,००० किमी. म्हणजे गोलावरची कुठलीही दोन ठिकाणं जास्तीत जास्त त्याच्या निम्म्यावर, २०,००० किमीवर असणार. मग २२,००० कसे? शंका बरोबर होती, आणि मी न सांगता आली याचा मला फार आनंद झाला.

हा नकाशा मर्केटरचा आहे. त्यात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. मर्केटरने १५६९ मध्ये तो काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं तर जहाजाची वाट या नकाशावर सरळ रेघ दिसते. खलाशाला तेवढं पुरत होतं. पण ध्रुवाकडे जावं तसा नकाशा ताणत जातो, त्यामुळे विषुववृत्ताचं माप वर कुठेही लावता येत नाही.

२५ जून, मंगळवार

भूगोलाच्या कपाटातला पृथ्वीगोल काढला. व्यास ३० सेमी, म्हणजे घेर ९४.२ सेमी. एक सेमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. शिवणाचा जाड दोरा मुंबईवर धरला, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणला.

दोरा पश्चिमेला गेला नाही. पूर्वेलाही गेला नाही. सरकत सरकत वर गेला आणि उत्तर ध्रुवाजवळून पलीकडे उतरला. मुलं गप्प झाली. मग एकीने दोरा सैल सोडून पुन्हा ताणला, तो पुन्हा तिथेच गेला. चार वेळा करून पाहिलं.

दोऱ्याची लांबी ३२ सेमी भरली. ३२ गुणिले ४२५, १३,६०० किमी.

आजीला काय सांगायचं ते आजच सांगून टाकू का, असं त्या मुलीने विचारलं. म्हटलं, सांग, पण "अंदाजे" म्हणून सांग.

२ जुलै, मंगळवार

गणिताचे सर आजपासून आमच्यात आले. त्यांनी फळ्यावर सूत्र लिहिलं. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, त्यात मिळवायचा कोसाइनचा गुणाकार गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन. जे उत्तर येईल ते पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाचं कोसाइन. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरली की त्या कोनाचा एक अंश म्हणजे १११.२ किमी.

विमानतळांचे अक्षांश-रेखांश : मुंबई १९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६१८९ उत्तर, १२२.३७५० पश्चिम.

संगणक कक्षात मुलांनी गणित केलं. उत्तर आलं ५,१९४ किमी.

दोरा १३,६०० म्हणतोय आणि सूत्र ५,१९४. सर लगेच चूक दाखवणार होते, मी त्यांना थांबवलं. मुलांना म्हटलं, तुमचं सॅन फ्रान्सिस्को कुठे आहे ते आधी गोलावर शोधा. तासभर गेला. शेवटी ज्या मुलाचा गणिताशी फारसा स्नेह नाही त्यानेच शोधलं. १२२ "पश्चिम" आहे, आणि आपण ते १२२ पूर्व धरून टाकलं, उणे चिन्ह दिलंच नाही. त्याने गोलावर ३७.६ उत्तर, १२२.४ पूर्व हा बिंदू काढला. तो निघाला पीत समुद्रात, चीनमधल्या वेइहाई शहराच्या जवळ. आमचं विमान चीनजवळ समुद्रात उतरलं होतं.

चूक कुठे नेऊन सोडते हे गोलावर बोट ठेवून बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं. उणे चिन्ह विसरलं की अर्धा गुण जातो एवढंच मुलांना माहीत असतं. आज त्यांनी ८,३०० किमी जाताना पाहिले.

५ जुलै, शुक्रवार

पुन्हा केलं, या वेळी कागदावर, चार दशांश स्थळांपर्यंत.

साइनचा गुणाकार : ०.३२७० × ०.६१०४ = ०.१९९६. कोसाइनचा : ०.९४५० × ०.७९२१ = ०.७४८५. रेखांशांतला फरक १९५.२४ अंश, त्याचं कोसाइन उणे ०.९६४८. म्हणून ०.१९९६ − ०.७२२२ = −०.५२२६. कोन १२१.५ अंश. संगणकाने बारीक आकडे धरून दिलेलं उत्तर : १३,५११ किमी.

दोऱ्याचं उत्तर नव्वदेक किमीने चुकलं होतं. गोलावर ते दोन मिलिमीटर होतात. दोऱ्याच्या जाडीत गेले म्हणायचे.

सरांनी भिंतीवरच्या रेघेचीही खरी लांबी काढून दिली. होकायंत्राची एकच दिशा धरून पश्चिमेने गेलं तर सुमारे १९,०८५ किमी, तसंच पूर्वेने गेलं तर १६,१४० च्या आसपास. नकाशावर जी रेघ सरळ दिसते ती दोऱ्यापेक्षा साडेपाच हजार किमीने लांब आहे.

पाठ्यपुस्तकात "बृहद्‌वृत्त" हा शब्द येतो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने गोल कापला की पृष्ठभागावर उमटतं ते वर्तुळ. मी तो शब्द इतकी वर्षं व्याख्या म्हणून शिकवला. आता मुलं त्याला "दोऱ्याची वाट" म्हणतात, मीही म्हणते.

८ जुलै, सोमवार

आमचं सूत्र खरं की योगायोगाने जुळलं? ताडून बघायला एक जाहीर आकडा हवा होता. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू ही थेट सेवा सुरू केली. पहिल्या उड्डाणात कॉकपिटमध्ये सगळ्या महिलाच होत्या, कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली, आणि वाट उत्तर ध्रुवावरून होती. तेव्हा या दोन शहरांमधलं हवाई अंतर १३,९९३ किमी म्हणून जाहीर झालं होतं.

मुलांनी आपल्या सूत्राने काढलं : १३,९८८.

पाच किमीचा फरक. पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांपाशी चपटी आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाशी ६,३५७. आम्ही सगळीकडे ६,३७१ धरली. तेवढ्याने पाच किमी इकडे तिकडे. दोघी मुलींनी एकमेकींच्या हातावर टाळी दिली. झोया अगरवाल यांचा फोटो आता वर्गात लागला आहे, मुलींनीच लावला.

एक प्रश्न राहिला होता, तोही सुटला. "विमान तर वर असतं, मग वरचं अंतर जास्त नाही का भरणार?" भरतं. ११ किमी उंचीवर त्रिज्या ११ किमीने वाढते, आणि आपल्या १२१.५ अंशांच्या वाटेत त्याने सुमारे २३ किमी वाढतात. मुलाला वाटलं होतं हजारभर तरी वाढतील.

११ जुलै, गुरुवार

दोरा नेमका कुठून जातो याची यादी केली. दर काही अक्षांशांवर रेखांश काढायचा आणि ॲटलासमध्ये बघायचं. मुलांनी आळीपाळीने वाचून दाखवलं.

मुंबईहून उत्तरेच्या थोडं पूर्वेला, १४ अंशांवर, विमान निघतं. गुजरातचा पूर्व काठ, राजस्थान, पंजाब, हिमाचल. लडाखमध्ये लेहच्या अगदी जवळून. मग काराकोरम. तकलामकान वाळवंटाची पश्चिम बाजू. चीन-कझाकस्तान सीमा, अल्ताई पर्वत. सायबेरियात नोवोकुझनेत्स्क. लेना नदीच्या मुखाच्या उत्तरेला समुद्र. सगळ्यात वरचा बिंदू ७६.६ उत्तर, १५८ पूर्व, आर्क्टिक महासागरात. तिथून उतरायला सुरुवात. अलास्काच्या माथ्यावर उत्कियाग्विक, खाली जूनो, आणि किनाऱ्याने सॅन फ्रान्सिस्को.

आजीच्या नातीने ही यादी घरी वाचली. आजी म्हणाली, "लेह तर माहीत आहे, तुझे आजोबा होते तिथे सैन्यात." सातारा जिल्ह्यातल्या घरात हे वाक्य निघणारच. त्या घराला हा रस्ता आता अनोळखी राहिला नाही.

१९ जुलै, शुक्रवार

पावसाने दोन दिवस शाळा लवकर सोडावी लागली. काम नाही.

२६ जुलै, शुक्रवार

आज मुलांना एक वाईट बातमी दिली. आजीचं विमान आपल्या दोऱ्याच्या वाटेने जाणार नाही.

कारण लेहच्या पुढे आहे. विमान ११ किमीवर उडतं आणि सगळ्यात उंच शिखरंही ९ किमीच्या आतच आहेत, मग अडचण काय? अडचण शिखराला धडकण्याची नाही. विमानाच्या आतली हवा दाबाखाली ठेवलेली असते. तो दाब काही बिघाडाने गेला तर वरून मुखवटे खाली पडतात, पण त्यांतला प्राणवायू पुरतो मिनिटांच्या हिशोबात, तासांच्या नाही. तेवढ्यात वैमानिकाला विमान जवळपास ३,००० मीटरपर्यंत खाली आणावं लागतं, जिथे माणूस मुखवट्याशिवाय श्वास घेऊ शकतो. काराकोरम आणि तिबेटच्या पठारावर ३,००० मीटरला हवा नसते, दगड असतो. के-२ तर ८,६११ मीटर. म्हणून लांबच्या विमानांच्या वाटा शक्यतो या भागाला वळसा घालतात.

मुलं हिरमुसली. महिनाभर ज्या वाटेची यादी केली ती वाटच नाही. मी त्यांना सांगितलं, १३,५११ हे खरंच आहे, ते दोन विमानतळांमधलं अंतर आहे. विमान किती उडेल तो वेगळा आकडा. वाई ते महाबळेश्वर कावळ्याच्या वाटेने थोडंच आहे, पण आपण पसरणीचा घाट चढूनच जातो ना?

६ ऑगस्ट, मंगळवार

दुसरा प्रश्न : वेळ किती. मुलांनी अपेक्षेप्रमाणे भागाकार केला. असं मोठं विमान हवेत ताशी ९०० किमीच्या आसपास वेगाने जातं. १३,५११ भागिले ९००, १५ तास.

मग तिकिटाची छापील प्रत आणली. जाताना सुमारे १६ तास, येताना १७ तासांच्या वर. हे कसं? विमानतळ तेच, अंतर तेच.

मी विचारलं, पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीला काय होतं? "घाट चढतो." आणि साताऱ्याहून पुण्याला जाताना? "बोगद्यातून." जायची वाट वेगळी, यायची वेगळी, वेळ वेगळा. इतकं त्यांना लगेच पटलं. पण विमानाच्या वाटेवर घाट कोणता, ते आज सांगितलं नाही. उद्या कृष्णेवर नेणार.

७ ऑगस्ट, बुधवार

नदीला पाणी भरपूर, म्हणून पुलावरूनच. लाकडाची ढलपी टाकली, ती दोन खुणांमध्ये किती सेकंदांत जाते ते मोजलं. मग विचारलं, होडीवाल्याने वल्ही सारखीच मारली तर प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जायला सारखाच वेळ लागेल का? नाही. विमानही तसंच हवेत वल्हवतं. ९०० हा त्याचा हवेतला वेग. खुद्द हवाच जर पळत असेल, तर जमिनीवरून बघणाऱ्याला वेग वेगळा दिसतो.

आणि त्या उंचीवर हवा पळते. मध्य अक्षांशांवर साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. ताशी शंभर-दीडशे किमी ही तिथे नेहमीची गोष्ट, हिवाळ्यात जपानच्या पूर्वेला पॅसिफिकवर तीनशेच्याही वर. विषुववृत्ताकडची हवा तापून वर जाते, ध्रुवाकडे सरकते, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे पूर्वेकडे वळते. उष्ण आणि थंड हवेतला फरक जिथे तीव्र तिथे वारा जोरात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून वाराही वाढतो.

१४ ऑगस्ट, बुधवार

हे वारे आधी कोणी मोजले, असं मुलांनी विचारलं. मला सांगायला फार आवडतं असं हे उत्तर आहे. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडले आणि दुर्बिणीने त्यांच्या मागावर राहिला. फुगे वर गेले की सुसाट पूर्वेकडे पळायचे. त्याने अहवाल लिहिला तो एस्परांतो भाषेत, साऱ्या जगाने वाचावा म्हणून. ती जगाची सामाईक भाषा व्हावी यासाठीच घडवलेली होती. पण ती वाचणारे थोडे, आणि त्याचं काम बरीच वर्षं जपानबाहेर पोहोचलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना हे वारे समोरून भिडले तेव्हा ते त्यांना नवीन होते.

मग २०१६ चा प्रसंग सांगितला. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याने वाट बदलली आणि ते पॅसिफिकवरून गेलं. वाट वाढून सुमारे १५,३०० किमी झाली आणि वेळ साडेचौदा तासांवर आला. चौदाशे किमी जास्त उडून विमान लवकर पोहोचलं, कारण पाठीवर वारा होता. मुलांनी भागाकार केला : ताशी १,०५५ किमी. ९०० ची वल्ही, बाकीचं नदीने दिलं.

आजीच्या नातीने वहीत लिहिलेलं वाक्य इथे उतरवून घेते : "अंतर गोलावर असतं. वेळ हवेत असतो."

२० ऑगस्ट, मंगळवार

सरांनी एक गणित घातलं. अंतर १४,४०० किमी, विमान ९०० चं, वारा १०० चा. जाताना पाठीवर, येताना समोरून. फायदा आणि तोटा फिटतात का? सगळे म्हणाले, फिटतात.

जाताना १४,४०० भागिले १,०००, म्हणजे १४.४ तास. येताना भागिले ८००, म्हणजे १८ तास. एकूण ३२.४. वारा नसता तर ९०० ने दोन्हीकडे १६-१६, एकूण ३२. म्हणजे वाऱ्याने २४ मिनिटं खाल्लीच. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, पाठीवरच्या वाऱ्यात कमी वेळ असतं, म्हणून घेतलेलं परत मिळत नाही. येताना वैमानिक जेट प्रवाह टाळून वेगळी वाट का शोधतात ते यावरून कळलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. पाच जणांनी आज पाचवी ते आठवीला हा प्रकल्प शिकवला. मी मागे बसून ऐकलं.

आठवीतल्या एकाने विचारलं, "वाटेत इंजिन बंद पडलं तर?" नात थोडी घाबरली, आजीचा विचार आला असणार. पण तिने नीट उत्तर दिलं. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावरही उडू शकतं. नियमच असा आहे की वाटेवर कुठेही असलं तरी एका इंजिनावर ठरावीक वेळात एखाद्या विमानतळावर पोहोचता आलं पाहिजे. तिने उदाहरणही दिलं. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान एका इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगादानला उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी सुखरूप होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मुंबईहून दुसरं विमान गेलं. मगादान तिने गोलावर दाखवलं. अशा गावांमुळेही वाट वाकते. समुद्रावरून सरळ जाण्यापेक्षा उतरायला जागा असलेल्या बाजूने.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आजी आज निघाली. पहाटे चारला गाडी गावातून सुटली, दहाच्या सुमारास मुंबई. विमान दुपारचं. नात शाळेत आली होती पण लक्ष नव्हतं. गोल समोर ठेवून बसली. २ वाजून ५० मिनिटांनी विमान उडाल्याचा निरोप आला.

एक अडचण आजीने जायच्या आधी आमच्यापुढे ठेवली होती. तिचा मंगळवारचा उपास असतो, सकाळी दुसऱ्या दिवशी सोडते. हा मंगळवार संपणार कधी? मुलांनी हिशोब केला. वाईत मंगळवार सुरू झाला तेव्हापासून सॅन फ्रान्सिस्कोत मंगळवार संपेपर्यंत : २४ तास आणि तिथलं घड्याळ सध्या साडेबारा तास मागे, म्हणजे साडेछत्तीस तास. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वेकडे ओलांडली की तोच वार पुन्हा मिळतो. आजीने राजगिऱ्याचे लाडू जास्तीचे बांधून घेतले आणि ठरवलं, उपास वाईच्या घड्याळाने सोडायचा. मनगटावरचं घड्याळ बदलायचं नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

सकाळी ६ वाजून २० मिनिटांनी उतरल्या. तिथे मंगळवारच, संध्याकाळचे ५ वाजून ५० मिनिटं. हवेत साडेपंधरा तास. घरापासून घरापर्यंत धरलं तर अठ्ठावीस तासांच्या वर. नातीने घराचा आकडा मोठ्या अक्षरात लिहिला, कारण आजी तोच सांगणार.

एकाने १३,५११ भागिले १५.५ करून ८७२ काढलं आणि स्वतःच खोडलं. "एवढंच उडलं नसेल ना बाई."

१ ऑक्टोबर, मंगळवार

आजीशी फोनवर बोललो, सगळे मिळून. काकूचे दिवस भरत आलेत. पुढच्या सीटमागच्या पडद्यावर आजीने वाट बघितली होती. कोलकाता, मग चीन, जपान, आणि मग नुसतं पाणी. दोऱ्याची वाट नाही, पॅसिफिकची.

"आणि बाई, रात्र फार लहान होती. डोळा लागतो न लागतो तोच उजाडलं."

यावर मुलांनी दुपार घालवली. साडेपंधरा तासांत आजी पूर्वेकडे जवळपास १६५ रेखांश गेली. दर १५ रेखांशांना सूर्याचा एक तास, म्हणजे ११ तास पुढे. साडेपंधरा आणि अकरा मिळून साडेसव्वीस तासांचं ऊन-सावली तिने साडेपंधरा तासांत पाहिलं. सप्टेंबरअखेर रात्र बारा तासांची. तिच्या वाट्याला आली सुमारे सात तासांची. त्यात दोनदा जेवणाचे दिवे लागले असतील. आजीचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी. नातीचा निरोप आला. बाळ छान आहे, मुलगी आहे. काल, रविवारी, तिकडे सगळ्यांनी घड्याळं एक तास मागे केली. आता फरक साडेतेरा तासांचा. नोंद करून ठेवते.

२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजी पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी मुंबईत उतरली. तिथून निघाली शनिवारी रात्री ९ ला. हवेत सतरा तास आणि दहा मिनिटं. फेब्रुवारी आहे, वारा समोरून.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. आजी स्वतः शाळेत आली. मुलांनी तिच्या हातात दोरा दिला, तिने दोन्ही टोकं धरून ताणला आणि तो लेहवरून गेलेला बघत राहिली. बराच वेळ.

मग म्हणाली, "माझा रविवार कुठे गेला?"

मुलांनी हिशोब मांडला. शनिवारी ९ ला उड्डाण, तीन तासांनी तिथला रविवार सुरू. मुंबईत उतरायच्या तीन तास चाळीस मिनिटं आधी इथला रविवार संपला. मधे उरले साडेदहा तास. आजीचा रविवार साडेदहा तासांचाच, तोही खुर्चीत बसून.

"जाताना मंगळवार साडेबारा तासांनी वाढला होता," नात म्हणाली. "येताना रविवार साडेतेरा तासांनी कमी झाला. मग एक तास जास्त कसा गेला?"

गणिताचे सर बोलणार होते, पण थांबले. मुलं वही उलटी चाळू लागली. जो मुलगा उणे चिन्ह शोधून बसला होता त्यालाच सापडलं, ४ नोव्हेंबरच्या पानावर. घड्याळं एक तास मागे घेतली होती, म्हणजे तिथला ३ नोव्हेंबरचा रविवार पंचवीस तासांचा होता. आजीने तो तिथेच काढला होता.

नातीने फळ्यावर लिहिलं : १२.५ + १ − १३.५ = ०.

आजी म्हणाली, "त्या रविवारी बाळाला पहिल्यांदा उन्हात घेऊन बसले होते."